बडोदा, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत): शेडच्या आवारातून पावसाचं पाणी तेलकट होऊन बाहेर जातं. टाकी किती मोठी बांधावी?

टाकीचा हिशोब नंतर. आधी उघड्यावरचं भंगार, कुलंटने (धातू कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाने) ओला झालेला लोखंडी कीस आणि तेलाचे ड्रम पत्र्याखाली घ्या. निम्मं काम तिथेच होतं. ड्रमभोवती बांध घाला. सर्वांत मोठ्या ड्रमच्या ११० टक्के द्रव त्यात मावला पाहिजे. बांधाचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवा.

शेडच्या छपराचं पाणी वेगळ्या पाइपने बाहेर काढा, नाहीतर टाकी विनाकारण दुप्पट होते.

आता आवार. सगळ्यात घाण पाणी पहिल्या सरीचं असतं. पहिले १५ मिमी अडवायचे धरले, तर १,००० चौरस मीटर काँक्रीटवर ०.९ गुणांकाने (पडलेल्यातलं ९० टक्के पाणी वाहून येतं असं धरून) १३.५ घनमीटर, म्हणजे १३,५०० लिटर. टाकी भरली की पुढचं पाणी तिच्या तोंडाशीच बाहेरून वळलं पाहिजे. ते टाकीतून वाहू दिलं तर साठलेलं तेलच ढकलत नेतं. ही चूक फार दिसते.

टाकीतलं पाणी पंपाने ऑइल सेपरेटरमध्ये (तेल वर तरंगवून पाण्यापासून वेगळं करणाऱ्या टाकीत) टाकू नका. पंप तेल घुसळतो, ते वर येतच नाही. उतारानेच न्या. फरशी धुण्याचा साबणही तेच करतो, म्हणून ते पाणी इकडे नकोच. सेपरेटरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला खाली वळलेला एल्बो लावा, तोंड पाण्यात बुडालेलं. गाळ दर महिन्याला काढा, पावसानंतर टाकी दोन दिवसांत रिकामी करा.

नदीत सोडण्याच्या सर्वसाधारण मर्यादा: तेल-ग्रीस १० मिग्रॅ/लि., पाण्यात मिसळून राहिलेले न विरघळलेले घन कण १०० मिग्रॅ/लि., पीएच ५.५ ते ९.