तीन नंबरचा बावटा रोज लावायचा नसतो

प्रश्न: नमस्कार दादा, मी कुडाळहून घरूनच काम करते, टीम पाच जणांची आहे आणि सर्व्हर-डेटाबेसचा सगळा पसारा टेराफॉर्ममध्ये (कोड लिहून सर्व्हर वगैरे उभे करायचं टूल) लिहिलेला आहे. मागच्या महिन्यात गिटहबवरच्या एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये मिसळायची, म्हणजे मर्ज करायची विनंती) कोडच्या तीसेक फायली होत्या आणि त्यातच कोणीतरी डेटाबेसचं नाव बदललं होतं. रिव्ह्यूत कोणाच्याच लक्षात आलं नाही, मर्ज झालं आणि टेस्टिंगचा डेटाबेस उडून कोरा नवा उभा राहिला. आता सर म्हणतायत प्रत्येक पुल रिक्वेस्टचा मेसेज ग्रुपवर सगळ्यांना जाऊ दे. तसंच करू का?

उत्तर: नको ताई, तसं अजिबात करू नका. आपल्याकडे बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा रोजच लावला असता तर होडीवाल्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं असतं ना, ग्रुपवरच्या मेसेजचं आठवड्याभरात तेच होतं.

इन्फ्राच्या, म्हणजे टेराफॉर्मच्या फायलींच्या, फोल्डरला हात लागला तरच वर्कफ्लो (गिटहब आपोआप चालवतं ती कामांची साखळी) चालू दे, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये पाथचा फिल्टर असतो तो लावा. त्यात टेराफॉर्म प्लॅन (काय बदलणार ते आधी दाखवणारी कमांड) डिटेल्ड एक्झिट कोडसह चालवा, म्हणजे ० आला तर बदल नाही, १ म्हणजे एरर आणि २ म्हणजे बदल आहे. इथे बरेच जण अडकतात, कारण २ आला की वर्कफ्लोला वाटतं काम फेल गेलं, म्हणून तो कोड हातानेच पकडावा लागतो.

मग प्लॅन जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा मांडणीत) काढा आणि ज्या रिसोर्सवर (सर्व्हर, डेटाबेस असा एकेक घटक) डिलीट आहे तेवढेच वेचा. तुमच्या डेटाबेसचं जे झालं त्याला तिथे डिलीट आणि क्रिएट दोन्ही दिसतात, साध्या प्लॅनमध्ये वजा-अधिकची खूण येते, ती तीस फायलींच्या गर्दीत कोणाला दिसणार! पुल रिक्वेस्टवर कॉमेंट एकच ठेवा, नवा बदल पुश झाला की तीच बदला आणि पहिल्याच ओळीत काय उडणार ते नावानिशी लिहा. अख्खं जेसन मात्र तिथे चिकटवू नका, पासवर्डसारख्या गोष्टी त्यात उघड्या असतात आणि गिटहबची कॉमेंट ६५,५३६ अक्षरांच्या पुढे जातही नाही.

कोणाला कळवायचं ते कोडओनर्स फाइलमध्ये (कोणत्या फायलींचा रिव्ह्यू कोणाकडे याची यादी) लिहा. तिच्यात शेवटची जुळणारी ओळ चालते, म्हणून सगळ्यांसाठीची स्टारवाली ओळ वर आणि इन्फ्राची खाली, उलटं केलंत तर इन्फ्रावाल्याला रिव्ह्यूची रिक्वेस्ट जाणारच नाही. पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट (कच्ची) असेपर्यंतही ती जात नाही. आणि कोडओनरच्या अ‍ॅप्रूव्हलशिवाय मर्ज होणार नाही ही सेटिंग मेन ब्रँचवर (मुख्य कोडवर) लावाच, नुसत्या कळवण्याने काही थांबत नाही.

हे सगळं बसवायला दोन-तीन दिवस जातील, पावसात लाइट गेली तर जास्तच, तोवर आजच डेटाबेसच्या रिसोर्सला प्रिव्हेंट डिस्ट्रॉय लावून टाका, म्हणजे उडवायची वेळ आली की प्लॅनच एरर देईल. फक्त कोणी तो रिसोर्सचा ब्लॉकच फाइलमधून काढला तर हे कुलूपही त्याच्यासोबत जातं, तेव्हा तिथे वरची डिलीटवाली कॉमेंटच कामाला येईल.