समुद्र खारट, मग पाऊस गोडा कसा?

पाऊस समुद्राच्या वाफेचाच, तरी खारट का नाही, असं विचारलंय. वाफ होताना वर जातं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. घाम वाळला की कपड्यावर पांढरे डाग उरतात, तसंच. अगदीच बिनमिठाचा पाऊसही नसतो म्हणा: लाटांच्या तुषारांतून उडालेल्या मिठाच्या कणांभोवतीच ढगातले कित्येक थेंब धरतात.

ही वाफ हवेत सरासरी ९-१० दिवसच टिकते. गंमत म्हणजे समुद्रातून उठलेलं बहुतेक पाणी परत समुद्रावरच पडतं, जेमतेम दहावा हिस्सा वाऱ्याबरोबर जमिनीवर येतो. जमिनीवर पडलेल्यातलं निम्म्याहून जास्त झाडं आणि माती पुन्हा हवेत सोडतात. उरलेलं नद्यांतून, भूजलातून समुद्राला मिळतं, वाटेत खडकांतले क्षार विरघळवत.