परत जा

प्रिय मुली,

रात्री फोनवर बोललो ते त्या पोरीपुरतं होतं. आज सकाळी समुपदेशक ताईंना घेऊन तू तिच्या घरी गेलीस, तिला विचारूनच आईला विश्वासात घेतलंस, सोमवारी पालिकेच्या रुग्णालयात सोबत कोण जाणार तेही ठरवलंस. छान केलंस. आता तुझ्या मेसेजच्या दुसऱ्या भागाबद्दल. त्यावर मी रात्री गप्प बसले, कारण मला राग आला होता.

सर्वेक्षणातल्या नैराश्याच्या नऊच्या नऊ प्रश्नांना ती ‘अजिबात नाही’ म्हणाली. फॉर्म सबमिट झाला. तू गल्लीच्या तोंडाशी पोचलीस तेव्हा ती अनवाणी धावत आली आणि म्हणाली, ‘दीदी, तो शेवटचा प्रश्न परत विचाराल?’ सर म्हणतात नोंद बदलायची नाही, आपण संशोधक आहोत, समाजसेवक नाही. आणि तू मला विचारतेस, बाकीच्या मुलांकडे परत जायचं का, मी नक्की कोण?

नोंद बदलायची नाही, एवढं सरांचं बरोबर आहे. पहिलं उत्तर तसंच राहू दे. दुसरं वेगळं लिही, तारीख-वेळ घाल आणि एथिक्स कमिटीला कळव. पण परत जायचं की नाही, हा प्रश्न तुला पडावाच कसा? गोवंडीतली दहा बाय दहाची खोली. आई मोरीत भांडी घासतेय, भाऊ पोटमाळ्यावरून पाय सोडून ऐकतोय, आणि आपण त्या चौदा वर्षांच्या मुलीला विचारतो, मरून जावंसं वाटतं का? ती दुसरं काय सांगणार होती?

रक्तक्षयाचंच बघ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५) १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय ५९ टक्के. त्याच्या थोडं आधी, २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ च्या मुलींत ४०. वयोगट थोडा निराळा आहे, मान्य. पण एकीकडे बोटाला टोचून थेंब घेतला, दुसरीकडे शिरेतून रक्त काढलं, आणि तेवढ्यानेही आकडा हलतो. मग आईसमोर घेतलेलं उत्तर आणि गल्लीच्या तोंडाशी मिळालेलं उत्तर सारखं कसं असेल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महानगरांतल्या १३ ते १७ च्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण १३.५ टक्के निघालं, ग्रामीण भागात ६.९. असले आकडे अशाच खोल्यांतून गोळा होतात. परत गेल्याशिवाय तुला कळणारच नाही की तुझा आकडा कशाचा आहे.

परत जा, असं मी का सारखी सांगते, ते आज लिहून टाकते.

२००४ साली मी त्याच भागात जरीच्या कारखान्यांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन तपासत होते. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा, बिहारहून आलेला. मी सुई काढली तर हसला. म्हणाला, हे तर रोजच टोचतं. त्याच्या बोटांची टोकं सुयांनी इतकी राठ झाली होती की मला दोनदा टोचावं लागलं. निघताना त्याने विचारलं, मेरा कितना निकला? मी म्हटलं, अगले हफ्ते बताती हूँ. प्रयोगशाळेतून आकडा आला ६.८. हे प्रमाण किती वाईट ते तुला सांगायला नको. तो आकडा आमच्या कपाटात चार महिने पडून राहिला, कारण आधी सॅम्पल पूर्ण करायचं होतं. मी गेले तेव्हा कारखान्याला कुलूप होतं. मुलगा गावी गेला होता, कुठल्या गावी ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या शोधनिबंधात तो आहे, ‘तीव्र रक्तक्षय’ या रकान्यात.

त्यानंतर परत गेल्याशिवाय मी एकही अभ्यास बंद केला नाही. परत जाण्याचा खर्च बजेटमधून काढा म्हणाले, म्हणून दोन अनुदानं सोडली. माझ्या बरोबरीचे विभागप्रमुख झाले, माझे निबंध त्यांच्या निम्मेही नाहीत. हळू काम करते, भावनेच्या आहारी जाते, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलू देत. माझ्या नोंदींमधल्या मुलांना मी दुसऱ्यांदा पाहिलेलं आहे, हे त्यातल्या किती जणांना म्हणता येईल?

रागावून लिहितेय, कळतंय मला. तू दमली आहेस, पुण्याची नोकरी एसीतली आहे, नुसतं विश्लेषण करायचं. जायचं तर जा, पण आधी या दोनशे मुलांकडे परत जा. आणि ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन कुणाला देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ते कळवावंच लागतं, आणि हे मुलांना विचारण्याआधी सांगायचं, नंतर नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर लिहून दे. सगळ्यांकडे स्वतःचा फोन नसतो, मुलींकडे तर नसतोच.

नळाला साडेचारला पाणी येतं आणि तेव्हा आया घरात नसतात, असं तूच लिहिलंयस. शनिवारी चारला मी गल्लीच्या तोंडाशी येते. यादी घेऊन ये, टॅब नको.

तुझी,
ताई