रिझल्ट्स स्लाइडच्या डबीच्या क्रमाने लिहू नका

पिंपळगावच्या बागेतला थॉम्पसन (द्राक्षाचा वाण) आणि नर्सरीतला डॉगरिज (द्राक्षाचा खुंट), दोन्हींच्या खोड, देठ, पानांचे सूक्ष्मदर्शकासाठी छेद घेऊन झालेत; आता पेपरच्या रिझल्ट्समध्ये आधी थॉम्पसन पूर्ण लिहू आणि मग डॉगरिज, की अवयवाप्रमाणे, असं तुम्ही विचारलंय. अवयवाप्रमाणेच लिहा. खोड घेतलंत की दोन्हींचं खोड तिथेच संपवा. नाहीतर डॉगरिजच्या देठाशी आल्यावर थॉम्पसनचा देठ शोधत तीन पानं मागे जावं लागतं, आणि रिव्ह्यूअर काही जात नाही.

अवयवात शिरलात की बाहेरून आत चला. पानाचा टी.एस. (आडवा छेद) असेल तर वरून खाली: वरची एपिडर्मिस (बाह्यत्वचा), पॅलिसेड आणि स्पंजी हे आतले थर, खालची एपिडर्मिस, मग मध्यशीर. दोन्हींना हाच क्रम. सारखेपणा आधी उरकून टाका: रॅफाइडच्या (सुईसारख्या स्फटिकांच्या) सुयांचे जुडगे, खोडाच्या फ्लोएममधले (अन्न वाहणाऱ्या ऊतीतले) तंतूंचे पट्टे. मग फरक, तोही आकड्यांत. ‘वेसल (पाणी वाहणाऱ्या नळ्या) बऱ्याच रुंद’ म्हणजे किती? सरासरी, प्रमाण विचलन आणि किती वेसल मोजल्या ते द्या. सगळे आकडे मात्र टेबलात. मजकुरात फक्त ज्यांवरून दोघे वेगळे ओळखू येतात तेवढेच.

माझा पहिला पेपर मी ज्या क्रमाने छेद घेतले त्याच क्रमाने लिहिला होता. मजकुरात आकृती 9 आधी, 2 नंतर. शिवाय फोटोंखाली नुसतं ‘400 पट’. फोटो कापून लहान केल्यावर त्या 400 ला काय अर्थ राहिला? परत आला, आणि यायलाच हवा होता. फोटोवर मायक्रोमीटरची स्केल बार टाका. फोटो लहानमोठा केला तरी तीही त्याच प्रमाणात बदलते. आणि आधी प्लेट (फोटोंचं एकत्र पान) जुळवा, प्रिंट काढून समोर ठेवा, मग लिहायला बसा.

डॉगरिज पाण्याचा ताण सोसतो ‘म्हणून’ वेसल अशा, हे वाक्य रिझल्ट्समध्ये नको, डिस्कशनमध्ये. मसुद्यात ‘ड्यू टू’ शोधा, निम्मी वाक्यं तिकडे हलतील.

जाता जाता: पान खरड छाटणीनंतरचं की ऑक्टोबर छाटणीनंतरचं, कितव्या पेऱ्यावरचं, हे मेथड्समध्ये लिहा. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते हे परदेशातल्या रिव्ह्यूअरला माहीत असेलच असं नाही.