वाचकांचे प्रश्न : ट्रम्पेट, माती आणि कॉफी

प्रश्न : नमस्कार ताई, मागच्या अंकात तुम्ही हर्ब अल्पर्टवरच्या डॉक्युमेंटरीचं नुसतं नाव घेतलं होतंत, ट्रम्पेटवाला असून चित्रं आणि शिल्पंपण करतो एवढंच. मी वीस वर्षं हार्मोनियम वाजवतेय, आणि दोन वर्षांपासून मातीकाम शिकतेय. घरी रोज ऐकते, एक ना धड भाराभर चिंध्या. ही फिल्म मी बघावी का, की हा श्रीमंत माणसाचा छंद आहे नुसता?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बघाच, आणि घरच्यांना शेजारी बसवून बघा. 'हर्ब अल्पर्ट इज...' ही जॉन शाइनफेल्डची 2020 ची फिल्म. पैसा आहे हे खरंच, 1962 मध्ये जेरी मॉसबरोबर त्याने ए अँड एम रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, 1966 मध्ये तर अमेरिकेत याच्या रेकॉर्ड बीटल्सपेक्षा जास्त खपल्या. पण मला फिल्ममधला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो त्यानंतरचा, 1969 च्या आसपासचा, जेव्हा घर मोडत होतं आणि आठव्या वर्षापासून हातात असलेल्या ट्रम्पेटमधून सूरच धड निघेना, म्हणजे विचार करा, जगभर नाव झालेला माणूस आणि फुंकर मारली की अडखळतोय. त्याने बँड थांबवला आणि न्यूयॉर्कला कार्माइन करूसो नावाच्या गुरूकडे पुन्हा पहिल्यापासून शिकायला गेला, आणि हे गुरू स्वतः ट्रम्पेट वाजवणारे नव्हतेच, सॅक्सोफोनवाले!

चित्रं सुरू झाली ती साधारण याच काळात, दौऱ्यावर असताना म्युझियम बघत हिंडायचा त्यातून. शिल्पं नंतर आली. आधी हाताने मातीत आकार करायचा, मग तो ब्राँझमध्ये मोठा करायचा, उंच काळे खांब, काही तर दोन पुरुष उंचीपेक्षाही मोठे. प्रेरणा पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूलनिवासी लोकांच्या टोटेमची, म्हणजे त्यांच्या कोरीव खांबांची, पण याच्या खांबांवर प्राणी-चेहरे नाहीत, नुसते वळत वळत वर जाणारे आकार. आणि कॅनव्हासवर चक्क कॉफी वापरून चित्रं केलीयेत.

तुमच्या चिंध्यांबद्दल मला जे वाटतं ते असं. 'द लोनली बुल' हे त्याचं पहिलं हिट, ते करताना गॅरेजमध्ये स्वतःच्याच ट्रम्पेटवर स्वतःचाच दुसरा ट्रम्पेट चढवला होता, जरासा मागेपुढे, आणि त्या किंचित न जुळण्यातूनच त्याचा तो ओळखीचा आवाज तयार झाला. थरावर थर. कॅनव्हासवरही तो तेच करतो, त्यामुळे मला ही दोन कामं वाटतच नाहीत. हार्मोनियमवर भाता सांभाळणारा हात चाकावरच्या मातीलाही कळत असणार, तुम्हीच लिहून कळवा मला.

एक तक्रार मात्र आहे, फिल्ममध्ये लोक कौतुक फार करतात. त्यापेक्षा तो मातीत हात घालून बसलेला अजून दहा मिनिटं दाखवला असता तर मी जास्त खूश झाले असते.

प्रश्न : ट्रम्पेट मला बँडबाजापलीकडे माहीत नाही. सुरुवात कशाने करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हर्ब अल्पर्टचंच 1979 चं 'राइज' लावा, रात्री, आवाज बेताचा ठेवून. सूर कमी आणि मधे मोकळी जागा भरपूर, ऐकताना घाई करू नका. मग 1968 चं 'धिस गाय'ज इन लव्ह विथ यू', त्यात तो गातो, गळा साधाच आहे पण मन लावून गायलाय. अमेरिकेच्या हॉट हंड्रेड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाऊनही आणि नुसतं वाजवूनही पहिल्या नंबरवर गेलेला तो एकटाच. आणि आपल्याकडचा एक धागा पण सांगते, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या डार्क हॉर्स या रेकॉर्ड लेबलचं वितरण सुरुवातीला ए अँड एमकडेच होतं, त्यामुळे 1974 ची 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' ही रेकॉर्ड याच कंपनीमार्फत बाजारात आली. रविशंकरांची रचना आणि लक्ष्मी शंकरांचा आवाज, तीही शोधून ऐका.