जाहिरातीतला ध्वज

प्रश्न : माझी मुलगी पत्रकारितेचे शिक्षण घेत आहे. रोनाल्ड रेगन यांची १९८४ सालची ‘अमेरिकेत पुन्हा सकाळ झाली आहे’ ही प्रचाराची जाहिरात तिला वर्गात दाखवण्यात आली. तीत कोणाची निंदा नाही की खोटे विधान नाही; मग तिला प्रचारतंत्राचा नमुना का म्हणायचे? आणि असा राष्ट्रध्वज आपल्याकडे प्रचारात वापरता येतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जाहिरातीत धादांत खोटे काही नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, किंबहुना म्हणूनच ती शिकवली जाते. मिनिटभरात सायकलवरून वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, नव्या घरात गालिचा नेणारे कुटुंब, लग्नातील नवरी आणि वर चढणारा ध्वज दिसतो. हॅल रायनी या जाहिरातकाराने ती लिहिली आणि निवेदनही आपल्याच मवाळ, घरगुती आवाजात केले.

तो आवाज सांगतो की, देशाच्या इतिहासात कधी नव्हते इतके लोक आज कामावर जातील. लोकसंख्या वाढत्या देशात हे वाक्य बहुतेक वर्षी खरेच ठरते. बेकारीचा दर मात्र रेगन सत्तेवर आले तेव्हा साडेसात टक्के होता आणि १९८४ च्या शरद ऋतूतही जवळपास तेवढाच होता. तो आकडा जाहिरातीत नाही. महागाई खरोखरच उतरली होती, म्हणून ती आवर्जून सांगितली आहे, तर व्याजदराची तुलना १९८० च्या उच्चांकाशी केली आहे. पुढे आज दुपारी ६,५०० तरुण-तरुणी विवाहबद्ध होतील, असेही ऐकू येते. (लग्ने काय, कोणाच्याही राज्यात होतात!) परंतु घर, लग्न आणि ध्वज या सर्वांच्या मालकीच्या गोष्टी एका नेत्याच्या नावाशेजारी मांडल्या की त्या त्याच्याच कर्तृत्वाच्या वाटू लागतात, आणि त्याला विरोध करणारा देशाच्याच सुखावर उठला आहे, असा भास न बोलता निर्माण होतो. शेवटी, चार वर्षांपूर्वीच्या स्थितीकडे परत का जायचे, असा प्रश्न येतो. प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल आधीच्या सरकारात उपाध्यक्ष होते; त्यामुळे त्यांचे नाव न घेताही नेम बरोबर लागतो. रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली, पण ते श्रेय एका जाहिरातीला देणे भाबडेपणाचे होईल.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार राष्ट्रध्वज किंवा राजचिन्ह यांसारख्या राष्ट्रीय प्रतीकांचा उमेदवाराच्या यशासाठी वापर करणे हे भ्रष्ट आचरण ठरते. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांना २०१३ मध्ये कळवले होते आणि मार्च २०१९ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली. पार्श्वभूमीला तीन रंगांचे पट्टे फिरवले, तर ते या कलमात बसतात की नाही, हा मात्र वकिलांनी कीस काढण्याचा विषय आहे.