वाचकांचे प्रश्न: विभक्त आई-वडील आणि मुलांची पोटगी

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत: आई-वडील वेगळे राहू लागल्यावर मुलांचा खर्च कोणी, किती आणि कधीपर्यंत करायचा. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात मुलांच्या पोटगीकडे नवरा-बायकोच्या भांडणातील देणेघेणे म्हणून पाहिलेले दिसते. कायदा तसे पाहत नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतंत्र हक्क आहे, आणि ज्या पालकाजवळ मूल राहते तो ती मुलाच्या वतीने मागतो व स्वीकारतो. पुढील सर्व उत्तरे याच पायावर उभी आहेत.

प्रश्न: मी नागपूरच्या मानेवाडा भागात माहेरी राहते. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. पती बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. आमचा घटस्फोट झालेला नाही. आधी ते थोडी रक्कम पाठवत असत, आता तीही बंद आहे. मी एका दुकानात हिशेब लिहून महिन्याला १४,००० रुपये मिळवते. तू कमावतेस, मग मुलांसाठी माझ्याकडे कशाला मागतेस, असे ते म्हणतात आणि घराच्या कर्जाचे हप्ते पुढे करतात. घटस्फोटाचा दावा न करता पोटगी मागता येईल का?

उत्तर: निश्चित मागता येईल. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली जो अर्ज होत असे, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. पुरेसे उत्पन्न असूनही जो माणूस स्वतःच्या मुलांचे पालनपोषण करण्यात हयगय करतो किंवा ते नाकारतो, त्याला दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा आदेश या कलमाखाली होतो. त्यासाठी घटस्फोट झालेला असण्याची किंवा तो मागितलेला असण्याची अट नाही. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. मुस्लिम आई-वडिलांच्या मुलांनाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले आहे. आई-वडिलांचे लग्न कायद्याने वैध नसले, तरी त्याचा तोटा मुलाला होऊ नये, हेही या कलमातच लिहिलेले आहे. तुम्ही नागपुरात राहता, म्हणून अर्ज नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. कौटुंबिक न्यायालयाच्या कार्यक्षेत्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी तो आपल्या भागातील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा. पती दुसऱ्या गावी असले, तरी पत्नी जिथे राहते तिथे अर्ज चालतो.

तुमच्या कमाईबद्दल पती जे म्हणतात, त्याला मुलांच्या बाबतीत आधार नाही. पत्नीला स्वतःसाठी किती पोटगी मिळावी हे ठरवताना तिची कमाई विचारात घेतली जाते, हे खरे. पण आई कमावती आहे एवढ्यावरून वडिलांची मुलांविषयीची जबाबदारी संपत नाही. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीविषयी देशभरातील न्यायालयांसाठी सविस्तर मार्गदर्शक निर्देश दिले. (हे प्रकरण मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून ते दिल्लीपर्यंत गेले होते.) मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, आणि आईची कमाई पुरेशी असेल तर तो दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असे त्या निकालात म्हटले आहे. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण तर धरायचेच. पण वाजवी मर्यादेतील शिकवणीचा खर्चही धरायचा.

प्रमाण कसे निघते, याची कल्पना यावी म्हणून एक ढोबळ हिशेब देते. समजा पतीच्या हाती महिन्याला ३२,००० रुपये येतात आणि तुमच्या १४,०००, म्हणजे दोघांचे मिळून ४६,०००. दोन्ही मुलांचा खरा खर्च १५,००० रुपये असेल, तर उत्पन्नाच्या प्रमाणात पतीचा वाटा सुमारे १०,४०० रुपये येतो. न्यायालय या त्रैराशिकाला बांधलेले नाही. राहणीमान, मुलांचे वय, आजारपण, पतीवर अवलंबून असलेली इतर माणसे, हे सारे पाहूनच रक्कम ठरते. कायद्यात टक्केवारीचा कोणताही तक्ता नाही, त्यामुळे ओळखीतल्या कोणाला किती मिळाले यावरून आपली अपेक्षा बांधू नये.

कर्जाच्या हप्त्यांचे म्हणाल, तर स्वतःच्या निर्णयाने घेतलेल्या कर्जाचे हप्ते आणि स्वेच्छेने केलेली गुंतवणूक पगारातून वजा करून उरलेल्यातून मुलांना देईन, ही भूमिका न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपाती तेवढ्या वजा होतात.

२०२० च्या निर्देशांनुसार दोघांनाही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. पतीने आपले शपथपत्र व उत्तर जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे असते. शपथपत्रात खोटे लिहिणाऱ्यावर खोट्या साक्षीबद्दल कारवाई होऊ शकते. तुमच्या बाजूने मुलांच्या खर्चाचा कागदोपत्री पुरावा आजपासूनच जमवायला लागा: शाळेच्या फीच्या पावत्या, स्कूलव्हॅनचे पैसे, डॉक्टरांची व औषधांची बिले, शिकवणीची फी. पतीचे पगारपत्रक हाती नसेल, तर ते कुठे आणि कोणत्या पदावर काम करतात एवढे तरी अर्जात लिहा. पगाराची माहिती मालकाकडून मागवण्याचा अर्ज नंतर करता येतो.

मुख्य अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी लपवत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. म्हणून अर्ज न करता ते आज पाठवतील, उद्या पाठवतील, अशी वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना मुलांच्या पदरातून जातो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

प्रश्न: मुलासाठी दरमहा ७,००० रुपये देण्याचा आदेश माझ्यावर झाला आहे. हिंगण्याच्या कारखान्यातील माझे कंत्राटी काम सुटले असून सध्या मिळेल ते काम करतो. काही महिन्यांचे हप्ते थकले आहेत. दुसरीकडे, सासरचे लोक मला मुलाला भेटू देत नाहीत. भेट नाही तर पैसे नाहीत, अशी भूमिका मी घेऊ शकतो का?

उत्तर: नाही. तुमचे दुःख मला समजते, आणि मुलाला वडिलांपासून तोडणे हा त्या मुलावरही अन्याय आहे. तरीही पैसे थांबवून तुम्ही त्याच मुलाचे नुकसान करत आहात. पोटगी आणि भेट हे दोन वेगळे हक्क आहेत आणि दोन्ही मुलाचे आहेत. एकाच्या बदल्यात दुसरा रोखून धरता येत नाही. आईलाही हाच नियम लागू आहे: हप्ता थकला म्हणून न्यायालयाने ठरवलेली भेट तिला नाकारता येत नाही.

भेटीसाठी वेगळा अर्ज करा. विवाहविषयक दावा चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयात तो होतो. आठवड्याची भेट, सणांचे व सुट्ट्यांचे दिवस, शाळेच्या कार्यक्रमांना हजर राहणे, फोनवर बोलणे, हे सगळे त्यात नेमकेपणाने मागा. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा व्हिडिओ कॉलवर संपर्क ठेवू द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. मूल बिचकलेले असेल, तर त्यांच्या उपस्थितीत पहिल्या काही भेटी ठेवण्याची विनंती करा.

आता रकमेविषयी. परिस्थिती खरोखर बदलली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो. काम सुटल्याचे पत्र, बँकेचे खाते उतारे, सध्याच्या कमाईचा पुरावा सोबत जोडा. केवळ बेकार आहे असे म्हणणे पुरत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनतीचे काम करूनही कुटुंबाला पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे. रक्कम कमी होईपर्यंत मूळ आदेश कायम असतो, म्हणून पूर्ण हप्ता जमत नसला तरी जमेल तेवढा भरत राहा. पूर्ण बंद केलेल्या आणि थोडे थोडे भरणाऱ्या माणसाकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही.

थकबाकीकडे दुर्लक्ष केलेत, तर कलम १४४ खालीच जप्तीचे वॉरंट निघू शकते, आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकीत हप्त्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. तुरुंगवास हा रक्कम वसूल करण्याचा मार्ग आहे, तो रकमेची जागा घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले आहे. पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) झाली, तर पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. (अशी थकबाकी ज्यांना यायची आहे, त्या वाचकांनीही एक मुदत पाळावी: या कलमाखालील वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.)

आणखी एक सूचना मी आग्रहाने करते. पोटगी रोख देऊ नका. खात्यावर भरा आणि कोणत्या महिन्याचा हप्ता आहे ते नोंदवा. दिवाळीला नेलेले कपडे किंवा घेऊन दिलेली सायकल ही वडिलांची माया आहे. ती हप्त्यात वळती होत नाही.

प्रश्न: संमतीने घटस्फोट घेताना माझ्या मुलीने एकरकमी रक्कम घेतली आणि नातवासाठी यापुढे काही मागणार नाही, असे लिहून दिले. आता त्याच्या शिक्षणाचा खर्च झेपत नाही. दार कायमचे बंद झाले का? (सदर, नागपूर)

उत्तर: नाही. आई स्वतःचा हक्क सोडू शकते, पण मुलाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तिला नाही. नातवाच्या वतीने पोटगीचा अर्ज करता येईल. त्या एकरकमी रकमेतील काही भाग मुलासाठी होता असे कागदपत्रांत असेल, तर न्यायालय तो विचारात घेईल, म्हणून संमतीपत्राची आणि हुकूमनाम्याची प्रत वकिलांना दाखवा.

प्रश्न: दोन्ही मुले माझ्याकडे राहतात. त्यांची आई सरकारी नोकरीत असून तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. तिची काही जबाबदारी नाही का?

उत्तर: आहे. हिंदू दत्तक व पोषण कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलांच्या पालनपोषणाचे बंधन वडील आणि आई या दोघांवर आहे. मुलांच्या वतीने तुम्ही तिचा वाटा मागू शकता. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. नागपुरातून याविषयी अनेकदा विचारणा होते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

प्रश्न: मला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. आई-वडील वेगळे राहतात. वाढदिवसानंतर बाबांनी पैसे पाठवणे बंद केले. आता मला काहीच मागता येणार नाही का? (विद्यार्थिनी, प्रतापनगर)

उत्तर: मागता येईल, पण वाट बदलेल. कलम १४४ खाली अठरा वर्षांनंतर सामान्यतः पोटगी मिळत नाही. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे अपत्य हा त्याला अपवाद आहे. मात्र वर सांगितलेल्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २०(३) नुसार, अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर तिचे पोषण करण्याचे बंधन आई-वडिलांवर राहते. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. तू आता सज्ञान असल्यामुळे दावा तुझ्या स्वतःच्या नावाने होईल आणि तो कौटुंबिक न्यायालयातच चालेल. तुझ्याच वयाच्या मुलाला या कलमाचा आधार मिळत नाही. उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलग्यांविषयी कायदा अपुरा आहे आणि तो बदलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दावा दाखल करण्यापूर्वी बाबांना एक साधे पत्र लिही. कॉलेजची फी, वसतिगृह किंवा प्रवास, पुस्तके यांचे आकडे त्यात दे आणि पत्राची प्रत जपून ठेव. उत्तर आले नाही, तर तीच प्रत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मोफत वकील मिळण्याचा हक्क तुलाही आहे.